इसे येथील शिंतो देवस्थान : उत्सव, पुनर्निर्माण आणि परंपरेचे सातत्य

प्रास्ताविक :
जपानमधील मिए प्रांतातील इसे येथील देवस्थान हे शिंतो धर्माचे सर्वश्रेष्ठ श्रद्धास्थान मानले जाते. लहानमोठ्या १२५ मंदिरांच्या या समूहात सूर्यदेवता आमातेरासूचे ‘नाइकू’ (अंतर्मंदिर) आणि अन्नदेवता तोयोउकेचे ‘गेकू’ (बाह्यमंदिर) ही प्रमुख होत. प्राचीन म्हणून ख्यातनाम असलेल्या या दोन्ही मंदिरांच्या मुख्य वास्तू मात्र इ. स. २०१३ मध्ये प्रतिष्ठित झालेल्या आहेत. नव्या लाकडात प्राचीनत्व कसे टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दर्शन व वार्षिक उत्सव :
प्रथम गेकूचे व नंतर नाइकूचे दर्शन घेण्याची प्रथा आहे. हात व मुख धुऊन भाविक देवतेसमोर दोनदा वाकून नमस्कार करतात, दोन टाळ्या वाजवितात आणि पुन्हा एकदा नमस्कार करतात. येथील उत्सवांचे चक्र भातशेतीशी निगडित आहे. फेब्रुवारीत उत्तम पिकासाठी प्रार्थना, एप्रिलमध्ये देवस्थानाच्या शेतात पेरणीचा विधी, सप्टेंबरमध्ये कापणी आणि ऑक्टोबरमध्ये ‘कान्नामेसाई’ या सर्वांत महत्त्वाच्या उत्सवात नव्या तांदळाचा नैवेद्य, असा हा क्रम आहे.

पुनर्निर्माणाची परंपरा :
शेतीचे चक्र वर्षाचे, तर वास्तूचे २० वर्षांचे. शेजारच्या राखीव जागेवर हिनोकी वृक्षाच्या लाकडाचे हुबेहूब तसेच मंदिर उभारून देवतेस तेथे नेले जाते. ‘शिकिनेन सेंगू’ नावाचा हा विधी नाइकूत प्रथम इ. स. ६९० मध्ये झाला. आपल्याकडे वास्तू जीर्ण झाल्यावर जीर्णोद्धार होतो. येथे जीर्णतेची वाट पाहिली जात नाही. परिणामी एका सेंगूत शिकाऊ असलेला सुतार पुढील सेंगूत जाणता कारागीर म्हणून नव्या पिढीस शिकवू शकतो. जुन्या मंदिरांच्या खांबांपासून उजी पुलाच्या दोन्ही टोकांची ‘तोरी’ ही प्रवेशद्वारे घडविली जातात.

हे सातत्य अखंड मात्र नव्हते. पंधराव्या शतकातील यादवीमुळे सेंगू १२० हून अधिक वर्षे खंडित झाला. सेईजुन या बौद्ध भिक्षुणीने निधी गोळा केल्यामुळे १५६३ मध्ये गेकूचा सेंगू पुन्हा होऊ शकला.

समारोप :
इसे येथे प्राचीनत्व लाकडात नसून ते घडविणाऱ्या हातांत आणि विधीच्या पुनरावृत्तीत आहे. म्हणूनच २०३३ च्या सेंगूच्या तयारीचे विधी २०२५ मध्येच सुरू झाले. वास्तू पुन्हा उभारता येते. विस्मृतीत गेलेले कौशल्य परत मिळविणे अधिक कठीण असते.