पत्र्यामागचा हात

स्वयंपाकघरातली सांडशी एकदा उलटसुलट करून पाहा. तिच्या दोन पायांना एकत्र धरून ठेवणारा मधला चपटा ठिपका दिसेल. तो खिळा नाही, स्क्रूही नाही. ते रिबीट. कढईचे कान, अडकित्त्याचा सांधा, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीच्या कडा, सगळीकडे हेच महाशय मुकाट्याने बसलेले असतात. मूळ शब्द ‘रिव्हेट’; आपल्या कारागिरांनी तो जिभेला सोयीचा करून घेतला. स्क्रू फिरवून काढता येतो, रिबीट मात्र फोडूनच काढावे लागते. एकदा बसले की ते जन्माचे.

या एवढ्याशा वस्तूवर जगाने केवढा भार टाकला आहे! पॅरिसच्या आयफेल टॉवरमध्ये पंचवीस लाख रिबिटे आहेत. कोलकात्याचा हावडा पूल १९४३ मध्ये खुला झाला, तो नटबोल्टांऐवजी रिबिटांच्या जोरावर. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने विमानासारखे चकचकीत ॲल्युमिनियमचे फिरते घर बाजारात आणले, तेही रिबिटांनी जोडलेले. अशी जुनी घरे माळरानावर, विजेच्या तारांपासून दूर उभी करून पुन्हा जोडत बसण्याचा छंद तिकडे अनेकांना आहे.

आपल्याकडे असे ॲल्युमिनियमचे फिरते घर कुठले, असे वाटेल. पण आपण सगळेच त्यात बसून लहानाचे मोठे झालो. ती आपली एस.टी.! १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेल्या पहिल्या गाडीची बॉडी लाकडी होती. पुढे ॲल्युमिनियम आले. पुण्याजवळची दापोडी, छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा आणि नागपूरचे हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये चासीवर पत्रे चढत, रिबिटे बसत आणि लाल रंग लागून गाडी गावोगाव निघे. २०१८ च्या सुमारास महामंडळ पोलादी बॉडीकडे वळले. जुन्या गाड्या एकेक करून भंगारात निघाल्या.

असाच एक सांगाडा औसा तालुक्यातल्या माझ्या एका मित्राने भंगारवाल्याकडून घेतला. पत्रे वितळायला जाण्याच्या बेतात होते. शेतातल्या लिंबाखाली तो उभा करायचा आणि वस्तीवरच्या पोरांसाठी अभ्यासाची खोली करायची, असा त्याचा बेत. पत्रे जागोजागी सुटलेले, छप्पर गळके. आणि मुख्य अडचण विजेची. शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची वीज ठरावीक तासांची, तीही कधी दिवसा, कधी रात्री.

कारखान्यात रिबीट हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने ठोकतात. तिला कॉम्प्रेसर लागतो. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर साधारण दीड किलोवॉट वीज खातो. घरातल्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी बारा व्होल्टला पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज साठवते. म्हणजे कागदावरच जेमतेम तासाभराचा मामला, आणि सुरू होतानाचा झटका घरगुती इन्व्हर्टर सोसत नाही तो वेगळाच. मग वेल्डिंग का नाही? ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना, पण त्याच्यावर बसलेला ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंश ओलांडले तरी हटत नाही. त्याला आर्गॉन वायूचे खास यंत्र लागते. गावातल्या साध्या वेल्डिंग मशीनचे ते काम नव्हे.

मित्राने मग एका मामांना बोलावले. एस.टी.च्या कार्यशाळेत उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पिशवीतून हाताने फिरवायचे ड्रिल, दोन हातोड्या, खोलगट तोंडाचा एक पोलादी तुकडा आणि एक जड ठोकळा काढला. सोबत त्यांची पुतणी होती, बारावी झालेली. “लाइटीची वाट कशाला बघायची, साहेब? लाइट नव्हती तवाही रिबिटं बसतच हुती की!” मामा म्हणाले.

आधी जुनी रिबिटे काढायची. डोक्याच्या मध्यावर ठोसा मारून खूण करायची, डोक्याच्या जाडीइतकेच भोक पाडायचे आणि छिन्नीने डोके उडवायचे. घाई केली तर भोक लांबट होते आणि पुढचे रिबीट त्यात डुगडुगते. मग एक माप मोठे घ्यावे लागते. नवा पत्रा एकाआड एक भोकात बोल्ट घालून ताणून बसवायचा, नाहीतर शेवटच्या भोकापर्यंत तो सरकलेला असतो.

मापाचा हिशेब मामांना तोंडपाठ होता. पत्रे मिळून तीन मिलिमीटर जाड आणि रिबीट चार मिलिमीटरचे, तर दांडी नऊची. म्हणजे पत्र्याची जाडी, अधिक रिबिटाच्या जाडीच्या दीडपट. ठोकल्यावर मागची बाजू सहा मिलिमीटर रुंद आणि दोन उंच झाली की काम पक्के. कडेपासून अंतर रिबिटाच्या दुप्पट, दोन रिबिटांमध्ये निदान तिप्पट. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे मध्ये रंगाचा थर हवाच. पावसाच्या पाण्यात या दोन धातूंचे पटत नाही आणि झिजते ते ॲल्युमिनियम.

लातूरच्या उन्हाचाही हिशेब होता. दहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने नऊ मिलिमीटर वाढतो, लोखंड जेमतेम पाच. पहाटेचा गारवा आणि दुपारचा तापलेला पत्रा यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून मामा ठोकाठोकी सकाळीच करत. दुपारी फुगलेला पत्रा ठोकला तर तो रात्री आखडून रिबिटांवर ओढ घेतो.

खरी गंमत ठोकण्यात. मामा बाहेरून रिबिटाच्या गोल डोक्यावर खोलगट तुकडा धरून हातोडी मारत. पुतणी आत, पत्र्याच्या मागे, दांडीच्या टोकाला ठोकळा दाबून बसलेली. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. पण रिबीट नीट बसले की नाही हे बाहेरच्याला कळतच नाही, ते आतल्यालाच दिसते. तिने ठोकळ्याने एकदा टकटक केले की अजून मार, दोनदा केले की झाले, तीनदा केले की वाकडे गेले, फोडून काढ. मामा मुकाट्याने ऐकत. पन्नास वर्षे हातोडी धरलेला माणूस त्या पोरीच्या निकालावर एकदाही बोलला नाही.

थोडा वेळ ठोकळा मीही धरला. हाताला झिणझिण्या आल्या, पण एक गोष्ट समजली. चार-पाच भरदार घाव पुरतात. भीत भीत वीस मारले तर धातू कडक होतो आणि टोकाला चिरतो.

जिथे मागे हात पोचत नव्हता, त्या कोपऱ्यांत त्यांनी पोकळ पॉप रिबिटे वापरली. ती एका बाजूने, एकट्या माणसाला, हाताच्या पकडीने ओढून बसवता येतात. मागे कुणी लागत नाही. पण ताकद कमी, आणि मधल्या पोकळीतून पाणी झिरपते. छपरावर मामांनी ती लावू दिली नाहीत.

जुने ते सोने असे मला म्हणायचे नाही. अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी चिरडते, फाटलेले पत्रे प्रवाशांना कापतात. पोलादी सांगाडा तग धरतो. बॉडी बदलण्याचे कारण हेच होते आणि ते रास्तच आहे. रस्त्यावर धावायला पोलाद हवे, याबद्दल मामांचेही दुमत नव्हते. लातूरजवळ हरंगुळला उभ्या राहिलेल्या रेल्वे कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, तोही वेल्डिंगचा. आपल्या पोरांना रोजगार द्यायचा असेल तर शिकायचे ते वेल्डिंगच.

पण रस्त्यावरून उतरलेल्या वस्तूंचे काय? दुधाच्या गाड्या, टेंपोची हौदे, धान्याच्या कोठ्या, असल्या खोल्या होऊ पाहणारे सांगाडे खेड्यापाड्यांत शेकड्याने आहेत. त्यांच्यासाठी कॉम्प्रेसर येणार नाही. त्या टिकतील त्या हातांवर, आणि कार्यशाळांत हे काम केलेली पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. तंत्र पुस्तकात सापडेल. ठोकळ्याला येणारा धक्का पुस्तकात सापडत नाही. तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो, त्यासाठी दोघे एकाच वेळी पत्र्याच्या दोन बाजूंना हवेत.

खोली पावसाळ्याआधी पुरी झाली. पहिल्या मोठ्या पावसात छत गळले नाही. मामांना आता गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या गावी दुधाची गाडी दुरुस्त करायला पुतणीच गेली होती. हातोडी तिच्या हातात होती, आणि पत्र्यामागे ठोकळा धरून तिचा धाकटा भाऊ बसला होता.