नसलेला खर्ज

मुलुंडहून एका वाचकांचं पत्र आलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चार तारांची बेस गिटार घेतली आणि मोबाइलवरचे धडे बघत शिकायला सुरुवात केली. पत्रात तीन प्रश्न आहेत. साठीनंतर वाद्य शिकलं की मेंदू म्हातारा होत नाही, असे मेसेज फिरतात ते कितपत खरे? आवाज अगदी बारीक ठेवला तरी खालच्या मजल्यावरून तक्रार का येते? आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर ऐकू येतोच कसा? पहिले दोन प्रश्न उपयोगाचे आहेत, तिसरा मात्र फार सुंदर आहे. म्हणून आधी तोच.

बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. त्यांची कंपनं सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८. फोनच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा असतो. दीडशे हर्ट्झच्या खाली तो हवेला धड ढकलूच शकत नाही. म्हणजे धड्यातल्या मास्तरांनी ई तार छेडली, तर तिचा मूळ ४१ हर्ट्झचा सूर फोनमधून बाहेर पडतच नाही. दुप्पट म्हणजे ८२ हर्ट्झचा नाही, तिप्पट १२४ हर्ट्झचाही नाही. बाहेर पडतात ते १६५, २०६, २४७ आणि त्यांच्या वरचे उपस्वर. तरीही ऐकणाऱ्याला तार ईचीच वाटते, तितकीच खोल.

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभे आहात असं समजा. खालच्या एका रुळावर दर १५ मिनिटांनी गाडी येते, दुसऱ्यावर दर १२ मिनिटांनी, तिसऱ्यावर दर १० मिनिटांनी. नऊ वाजता तिन्ही एकदम आल्या, तर पुन्हा तिन्ही एकत्र येतील त्या दहाला, मग अकराला. दर तासाला धावणारी गाडी वेळापत्रकात एकही नाही, पण पुलावर दिवसभर उभा राहिलेला माणूस शपथेवर सांगेल की इथे दर तासाला काहीतरी मोठं घडतं. ईच्या तारेचा चौथा, पाचवा आणि सहावा उपस्वर नेमके याच प्रमाणात आहेत. त्यांची कंपनं सेकंदात ४१ वेळा एकमेकांशी जुळतात. कानाच्या मज्जातंतूंतून जाणारे संदेश ही जुळणी मेंदूपर्यंत पोचवतात आणि मेंदू तिलाच सूर समजतो. मूळ सूर हवेत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो.

हे ज्याने पहिल्यांदा पकडलं त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. ऑगस्ट झेबेक. दोन धातूंच्या सांध्यातून वीज निर्माण होण्याच्या परिणामाला ज्यांचं नाव आहे, त्या थॉमस झेबेक यांचा हा मुलगा, ड्रेस्डेनमधला भौतिकशास्त्रज्ञ. १८४१ साली त्याने सायरनवर प्रयोग केले. गोल तबकडीला कडेने भोकं पाडायची, ती फिरवायची आणि भोकांवर हवेचा झोत सोडायचा. भोकांतून सुटणाऱ्या हवेच्या ठोक्यांचा सूर होतो. भोकांमधली अंतरं त्याने आलटून पालटून कमी-जास्त केली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ज्या मूळ सुराचा अंश आवाजात अगदी क्षीण आहे, तोच कानाला ठळक ऐकू येतो.

विरोधात उभे राहिले गेऑर्ग ओहम. होय, दहावीच्या गणितांतला रोध आणि विद्युतधारा वाले ओहम. १८४३ मध्ये त्यांनी फुरिएच्या गणिताच्या आधाराने नियम मांडला, की आवाजात ज्या वारंवारतेचं साधं कंपन असेल तोच सूर कान ऐकतो. जो सूर जवळजवळ नाही तो ठळक ऐकू येतो, हा कानाचा भास. झेबेकचं उत्तर मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत धीट उत्तरांपैकी वाटतं. सुरात काय येतं आणि काय नाही, याचा निवाडा कानाने नाही करायचा तर कोणी करायचा, असं त्याने विचारलं. पण तो १८४९ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच गेला. १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या थोर ग्रंथात ओहमची बाजू उचलून धरली, आणि त्यांच्यापुढे झेबेकची बाजू मांडायला कोणी उरलं नव्हतं.

पुढची पाऊणशे वर्षं असं चाललं. १९३८ ते १९४० या काळात हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत यान स्खाउटेन यांनी प्रकाशावर चालणारा सायरन बनवला आणि आवाजातून मूळ सूर पूर्णपणे काढून टाकला. ऐकू येणारी सुराची उंची जागची हलली नाही. तरी शंका उरली, की कानातल्याच काही विकृतीने तो सूर पुन्हा निर्माण होत असेल. १९५४ मध्ये लिकलायडर यांनी त्या खालच्या पट्ट्यात मुद्दाम खरखर भरली. खरा सूर तिथे असता तर बुडून गेला असता. हा बुडाला नाही. (हे लिकलायडर म्हणजे पुढे इंटरनेटच्या पूर्वजाचं स्वप्न पाहणारेच.) झेबेकचं म्हणणं शंभर वर्षांनी खरं ठरलं.

आपल्याकडे सत्तरच्या दशकात घरोघरी ट्रान्झिस्टर होते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, आणि विविध भारतीवर ती गाणी तळहाताएवढ्या स्पीकरमधून ऐकणाऱ्यांना बेसची चाल पाठ असे. त्यातला खालचा बराचसा भाग रेडिओने कधी वाजवलाच नव्हता. श्रोत्यांच्या मेंदूने तो भरून काढला होता.

आणि तानपुरा? काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंप पावते. बेसवर हा सूर ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. पत्रलेखकांनी एकदा हा फ्रेट दाबून शेजारी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बघावं. बेस भरीव, गोल वाटेल, तर तानपुरा झणझणीत. कारण तानपुऱ्याच्या घोडीवर, जवारीच्या धाग्यामुळे, वरचे उपस्वर जोरदार उमटतात. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या जवारी लावण्याचं हे काम कानाने करत आले आहेत. त्यामागचं भौतिकशास्त्र मांडलं ते सी. व्ही. रामन यांनी, १९२१ च्या सुमारास, कलकत्त्यात. छेडण्याच्या जागेवरून जे उपस्वर तारेत उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात खणखणीत वाजतात, हे त्यांनी दाखवलं. रामन म्हटलं की आपण प्रकाशापाशी थांबतो. त्यांचं तंतुवाद्यांवरचं आणि तबला-मृदंगावरचं काम एवढं अस्सल आहे, की त्यांना प्रकाशासाठी नोबेल मिळालं नसतं तरी ध्वनिशास्त्राने त्यांना विसरू नये.

आता वयाकडे येतो. उतारवयात बेस निवडण्याला एक भक्कम कारण आहे आणि मेसेजमध्ये नेमकं तेच सापडत नाही. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीतल्या पडद्यावर सुरांच्या जागा ठरलेल्या असतात. नळीच्या तोंडाजवळचा त्याचा भाग अरुंद आणि ताठ, तिथे उंच सूर. आत टोकाकडचा भाग रुंद आणि लवचीक, तिथे खालचे. हे उलगडल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. वयाबरोबर झिजतात त्या बहुधा आधी तोंडाजवळच्या पेशी. म्हणून आजोबा म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. स, श, फ यांची ओळख पटवणारा आवाज वरच्या पट्टीत असतो आणि तोच गळतो. बेसचा सूर ओळखायला लागणारे उपस्वर मात्र बहुतांशी हजार हर्ट्झच्या आतले. झांजेचा लखलखाट कमी झालेल्या कानालाही बेसची ओळ स्पष्ट मिळते.

याला एक काळी बाजू आहे. तरुण, निरोगी कानालाही ४० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायला सुमारे ५० डेसिबल दाब लागतो. १००० हर्ट्झला दोन-तीन डेसिबल पुरतात. खालच्या सुरांच्या बाबतीत कान असा मंद असल्यामुळे हेडफोन लावून वाजवणारा नकळत आवाज वाढवत नेतो, आणि त्याबरोबर वरचे सूरही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. हेडफोनची पातळी सुरुवातीला ठरवावी आणि तिथेच सोडावी.

मेंदूबद्दल. १९९५ मध्ये एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी जास्त जागा राखलेली असते, हे दाखवलं. हा अभ्यास मेसेजमध्ये हमखास येतो. त्यातलं पुढचं वाक्य येत नाही: वादकाने जितक्या लहानपणी सुरुवात केली तितका हा फरक मोठा. संगीत शिकल्याने मुलांची बुद्धी वाढते, या दाव्याची साला आणि गोबे यांनी २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून छाननी केली. प्रयोग जितका काटेकोर, तितका परिणाम शून्याजवळ. ज्येष्ठांसाठी जपानमधून थोडी बरी बातमी आहे. सरासरी सत्तरी ओलांडलेल्या नवशिक्यांना क्योटोत वाद्य शिकवलं गेलं. चार वर्षांनी पाहिलं तर ज्यांनी वादन चालू ठेवलं त्यांची शब्दांची स्मरणक्षमता टिकली होती, सोडून दिलेल्यांची घसरली होती. हा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण माणसं मोजकी, आणि चालू ठेवायचं की सोडायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं. ज्यांची स्मृती मुळात चांगली टिकणार होती तेच वादनात टिकले असतील, ही शक्यता उरतेच. गोळी घ्यावी तशी बेस घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक बातमी गाजली होती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका कार्यक्रमात ऐकू न येणारे अतिखोल सूर मधूनमधून सोडले, तेव्हा लोक सुमारे १२ टक्के जास्त हलले. ‘बेस नाचवतो’ असे मथळे झळकले. प्रत्यक्षात ते सूर ८ ते ३७ हर्ट्झचे होते, चार तारांच्या बेस गिटारच्या सर्वांत खालच्या सुराच्याही खाली. बेसवादकांच्या खऱ्या कामाचा प्रयोग त्याच विद्यापीठातला, २०१४ चा. दोन सूर एकत्र वाजताना खालचा सूर किंचित लवकर आला तर मेंदूला ते वरच्या सुराच्या चुकीपेक्षा जास्त खटकतं, आणि टाळी धरणारेही खालच्या सुराप्रमाणे हात बदलतात. ताल धरून ठेवण्याची जबाबदारी खालच्या सुराकडे का आली, याचं हे उत्तर आहे. नव्याने शिकणाऱ्याला यातून धडा मिळतो: बेसवर चार साधे सूर वेळेत पडले तर गाणं उभं राहतं, आणि चाळीस अवघड सूर वेळेबाहेर पडले तर कोसळतं.

राहिला खालचा मजला. उपनगरातली नेहमीची खोली १२ बाय १० फुटांची, छत ९ फुटांवर. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २८ फूट, म्हणजे ती खोलीत मावतच नाही. अशी खोली स्वतः घुमते ती साधारण ४७, ५७ आणि ६३ हर्ट्झला. बेसवर हे पट्टे ई तारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटपाशी आणि ए तारेच्या मोकळ्या सुरापासून तिसऱ्या फ्रेटपर्यंत येतात. म्हणून तेच सूर कोपऱ्यात बसल्यावर दणाणतात, खोलीच्या मध्यावर बसल्यावर विरघळतात, आणि मोकळी ई मरतुकडी वाटते. दोष हाताचा नाही, खोलीचा आहे.

भिंत आणि स्लॅब खालचे सूर फार कमी अडवतात. ढोबळ नियम असा, की वारंवारता निम्मी झाली की अडवण्याची ताकद ६ डेसिबलने घटते. त्यामुळे गाणं वरच राहतं आणि नुसता धमका खाली उतरतो. आवाज मोजायचं यंत्र या तक्रारीला दाद देणार नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा ज्या मापाने मोजतात, ते माप ४० हर्ट्झच्या सुरातून जवळजवळ ३५ डेसिबल वजा करतं. आकडा नियमात बसतो आणि शेजारी मात्र जागा राहतो. त्यांच्या तक्रारीवर विश्वास ठेवा, अँप्लिफायर जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवा आणि रात्री हेडफोन वापरा.

पत्रात शेवटी बोटं दुखण्याचा उल्लेख आहे. नेहमीच्या बेसची तार ३४ इंच लांब. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत १३ सेंटिमीटर अंतर पडतं. ३० इंची आखूड बेस मिळते, तिच्यावर ते साडेअकराच्या आत येतं. शिवाय ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मेर्सेन यांनी १६३६ च्या ग्रंथात मांडलेले तारेचे नियम इथे थेट कामाला येतात. तीच तार, तोच सूर ठेवून लांबी ३४ वरून ३० इंचांवर आणली तर ताण २२ टक्के उतरतो. पॉल मॅकार्टनी यांची प्रसिद्ध हॉफनर याच आखूड मापाची आहे. दुकानात दोन्ही मापांच्या गिटार मांडीवर घ्याव्यात, पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं ठेवावीत, आणि मनगट न मुडपता जिच्यावर करंगळी पोचते ती घरी न्यावी.