एकोणीस दिवसांत फिरलेला हंगाम

2023 मध्ये मेस्सी अमेरिकेतल्या इंटर मायामीकडे गेला आणि आपल्याकडच्या मुलांच्या अंगावरही गुलाबी जर्सी दिसू लागली. त्यात वावगे काही नाही. पण बालमित्रांनो, त्याच वर्षी मराठी मुलाच्या नेतृत्वाखाली एका क्लबने खेळलेला हंगाम आपल्या बऱ्हाणपूरच्या कितीजणांना ठाऊक आहे? तो क्लब म्हणजे मुंबई सिटी एफसी आणि तो कर्णधार म्हणजे मुंबईचा बचावपटू राहुल भेके.

आधी स्पर्धेची रीत समजून घेऊ. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरप्रमाणेच आपल्या इंडियन सुपर लीगमध्येही 2023-24 च्या हंगामात दोन मान होते. साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला शील्ड मिळायचे. त्यानंतर वरचे संघ बाद फेरीत भिडायचे आणि जिंकणाऱ्याला चषक मिळायचा. त्यामुळे साखळीत मागे राहिलेला संघही चषक उचलू शकत होता. 2021 मध्ये न्यूयॉर्क सिटी एफसी पूर्व विभागात चौथा होता, तरी अमेरिकेचा चषक त्यानेच जिंकला. हा संघ तेव्हा मुंबई सिटीचा भाऊबंदच होता, कारण दोघांची मालकी सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती.

मुंबईचा 2023-24 चा हंगाम सोपा नव्हता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये संघ सहाही सामने हरला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले आणि पेत्र क्रातकी यांनी सूत्रे हाती घेतली. तरीही साखळीतल्या शेवटच्या, बाविसाव्या सामन्यापर्यंत मुंबई पहिल्या क्रमांकावर होती. 15 एप्रिल 2024 रोजी कोलकात्यात मोहन बागानशी नुसती बरोबरी झाली असती, तरी शील्ड मुंबईचे होते. मुंबई 2-1 अशी हरली. बागानचे गुण झाले 48, मुंबईचे राहिले 47.

वर्षभराची मेहनत एका गुणाने गेली, आणि नऊच दिवसांनी गोव्यात उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. तिथे नव्वदाव्या मिनिटापर्यंत एफसी गोवा 2-0 ने पुढे होता. मग लालियानझुआला छांगटेने एक गोल केला, लगेच विक्रम प्रताप सिंगने दुसरा आणि अगदी अखेरीस पुन्हा छांगटेने तिसरा. मुंबई 3-2 ने जिंकली. परतीचा सामनाही तिने 2-0 असा घेतला.

4 मे रोजी अंतिम सामना. तेच कोलकाता, तेच सॉल्ट लेक मैदान, समोर तोच मोहन बागान आणि त्याच्या पाठीराख्यांनी भरलेली गॅलरी. मध्यंतराच्या तोंडावर बागानने पहिला गोल केला. पण दुसऱ्या सत्रात पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब वोय्तुश यांनी गोल केले आणि सामना 3-1 असा मुंबईच्या नावावर झाला. मुंबईचा हा दुसरा चषक.

भेकेची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2019 च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हेडरने निर्णायक गोल करणारा खेळाडू तोच होता. मैदान अंधेरीचे, म्हणजे त्याच्याच शहरातले, पण संघ होता बंगळुरू! घरच्या क्लबसाठी चषक उचलायला त्याला आणखी पाच वर्षे लागली.

दहावी-बारावीच्या परीक्षा देणाऱ्या आणि शाळेच्या संघातून वगळल्या गेलेल्या आपल्या मुलांना हे एकोणीस दिवस जरूर सांगावेत. शील्ड हातचे गेले ते गेलेच, ते परत आले नाही. पण पुढचा सामना ठरल्या तारखेलाच होता, आणि तो खेळायला संघ तयार होता.

बऱ्हाणपूरहून मुंबईला थेट गाड्या आहेत. सुट्टीत मामाकडे जाल तेव्हा अंधेरीच्या मैदानावर सामना आहे का, एवढे विचारून बघा.