शस्त्र आणि सभा : केमाल पाशा

तलवारीच्या बळावर सिंहासन बळकावणाऱ्या सेनापतींनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं आहेत. परंतु लष्करी वेष उतरवून मग राष्ट्राचें नेतृत्व मिळविणारा पुरुष विरळा. तुर्कस्थानचा मुस्तफा केमाल असा पुरुष होता, म्हणून त्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१८८१ सालीं सालोनिका शहरीं जन्मलेला केमाल लष्करी शाळांत शिकून अधिकारी झाला. १९१५ सालीं गालिपोलीच्या टेकड्यांवर त्यानें दोस्तांच्या फौजा थोपवून धरल्या. तथापि महायुद्धांत तुर्कस्थान हरलें आणि राजधानींत शत्रूच्या फौजा शिरल्या. १९ मे १९१९ रोजीं केमाल सरकारी निरीक्षक म्हणून सामसून बंदरीं उतरला व प्रतिकाराची जुळवाजुळव करूं लागला. परतण्याचा हुकूम त्यानें मानला नाहीं, आणि जुलैंत लष्करी नोकरीचाच त्याग केला. आतां त्याच्यापाशीं ना हुद्दा, ना अधिकार! तरीही एर्झुरूम व सिवास येथील परिषदांनीं त्यासच अध्यक्ष निवडलें. २३ एप्रिल १९२० रोजीं अंकारा येथें राष्ट्रसभा भरली. १९२१ सालीं ग्रीक सैन्य चालून आलें, तेव्हां सरसेनापतिपद त्यानें त्या सभेकडूनच, प्रथम तीन महिन्यांच्या मुदतीनें, स्वीकारलें. साकार्या नदीकांठीं बावीस दिवस लढून त्यानें शत्रूस मागें रेटलें. २९ ऑक्टोबर १९२३ रोजीं प्रजासत्ताकाची घोषणा होऊन तो पहिला अध्यक्ष झाला.

ज्या खिलाफतीसाठीं हिंदुस्थानांत एवढें आंदोलन झालें, ती १९२४ सालीं खुद्द तुर्कांच्या राष्ट्रसभेनेंच रद्द केली. १९२८ सालीं नवी लिपि शिकविण्यास राष्ट्राध्यक्ष स्वतः खडू घेऊन फळ्यापाशीं उभा राहिला. ज्यांचा जन्म फळ्यापुढें गेला, त्या आम्हांस हें चित्र विशेष प्रिय आहे.

परंतु गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. १९२५ सालीं विरोधी पक्ष बंद करण्यांत आला. १९३० सालीं केमालच्याच संमतीनें निघालेला दुसरा पक्ष कांहीं महिन्यांतच मिटला. केमाल १९३८ सालीं निवर्तला. १९५० सालीं मतपेटीनें सत्तांतर झालें खरें; पण १९६० व १९८० सालीं लष्करानें त्याच्याच नांवाचा आधार घेऊन सत्ता हातीं घेतली.

वेष एका रात्रींत उतरवितां येतो. हुकमाची संवय उतरविणें दुष्कर. संकटकाळीं कर्त्या पुरुषाचा शब्द सर्वांनीं झेलावा हें योग्यच. पण संकट टळल्यावर धाकट्याचा विरोधही त्यानें ऐकून घ्यावा. राष्ट्राप्रमाणेंच हें आपल्या घरासही लागू नाहीं काय?