यंत्राचा सल्ला आणि शेतकऱ्यांचा अधिकार

कपाशीतील कामगंध सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे ८ किंवा अधिक पतंग सलग ३ रात्री सापडले, म्हणजे उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. सापळ्याचे छायाचित्र पाहून ही मोजणी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रही करू शकते. मात्र यंत्रास जेवढे दाखवावे तेवढेच ते शिकते. केवळ मोठ्या, ओलिताच्या शेतांतील नोंदी त्यास पुरविल्या, तर कोरडवाहू शेतकऱ्यास मिळणारा सल्ला चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी फवारणीचा खर्च वाया जातो किंवा हातचे पीक जाते, आणि ते नुकसान शेतकऱ्यासच सोसावे लागते.

म्हणून या विद्येवर समाजाचा अंकुश असणे अगत्याचे आहे. युनेस्कोच्या १९३ सदस्य-राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये यासंबंधी नीतितत्त्वे स्वीकारली. मानवी देखरेख, पारदर्शकता व सर्वांचा सहभाग ही त्यांपैकी काही होत. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून पहिल्या ३ वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. तिचा लाभ सर्वांस व्हावयाचा, तर नियम ठरविताना अल्पभूधारक, स्त्रिया व शेतमजूर यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे.

शेतकरी बंधुभगिनींनी ग्रामसभेत तीन गोष्टींचा आग्रह धरावा :

१. संमतीवाचून शेताची माहिती घेऊ नये.
२. सल्ल्यामागील कारण सोप्या मराठीत सांगावे.
३. सल्ला चुकल्यास दाद कोणाकडे मागावी, हे आधीच ठरवावे.

आणि फवारणीपूर्वी सापळ्यातील पतंग स्वतः मोजून पाहावेत, हे उत्तम.