जांभळाची व्होडका, घोडबंदरच्या गॅलरीत

फळांच्या स्वादाची व्होडका चाखायची असेल तर पहिला घोट फ्रीजमधल्या बाटलीतून घेऊ नका. थंडीने वास दबतो आणि जळजळही लपते. १५ मिली, साध्या तापमानाला, छोट्या ग्लासात घ्या. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, मग चमचाभर पाणी घाला. संत्र्याच्या स्वादात सालीचा कडवटपणा जाणवला तर बाटली चांगली. नुसती गोळीची गोडी आली तर ती सोड्यातच बरी. ग्रीन ॲपलला आलं आणि लिंबू छान उठाव देतात.

पण माझा खरा जीव जांभळात आहे. जूनमध्ये घोडबंदर रोडला टपोरी जांभळं दिसली की मी किलोभर उचलतोच. पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकन आहे. पाव किलो गर बिया काढून काचेच्या बरणीत घालायचा, वर साधी व्होडका, गर पूर्ण बुडेल इतकी. दुसऱ्याच दिवशी रंग वांग्यासारखा गडद होतो. चौथ्या दिवशी मलमलच्या फडक्यातून गाळायची, जास्त ठेवली तर तुरटपणा जिभेला चिकटतो.

ही ४५ मिली, लिंबूरस १५ मिली, चिमूटभर काळं मीठ, भाजलेलं जिरं, बर्फ, सोडा. काठाला तिखटमीठ लावायचं. पहिल्याच घोटात शाळेबाहेरच्या हातगाडीची आठवण येते!

महाराष्ट्रात व्होडकासाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. गाडीची किल्ली आधीच घरात कोणाकडे तरी देऊन ठेवा. मे महिन्यात करवंदं मिळाली तर हीच कृती, फक्त चीक धुऊन घ्या.