महासंगणक आणि आपला ऊस

एका कोयत्याला वीस दिवस पुरणारा फड वीस कोयते लावले की दिवसात मोकळा होतो. महासंगणकाचे तसेच. शेकडो संगणक एकच गणित वाटून घेतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसलेल्या ‘परम ब्रह्म’वर रसायन, भौतिक, जीवशास्त्राचे संशोधक काम करतात.

आपल्याला काय त्याचे? माणसाची गुणसूत्रे ४६, तर ‘आर ५७०’ या उसाची सुमारे ११४, तीही एकमेकांसारखी. त्यांचे तुकडे जुळवणे हाताचे काम नव्हे. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी संगणकांवर केलेली ती जुळणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तांबेरा रोखणारी संभाव्य जनुकेही त्यात दिसली.

नवे वाण यायला दहा-बारा वर्षे लागतात. ही वाट थोडी आखूड व्हावी, अशी आम्हांला आशा वाटते. बेणे मात्र शेतातच पारखावे लागेल.